‘नाइस’ म्हणजे अडाणी

इंग्रजी शिकायला लागलं की ‘नाइस’ हा शब्द पहिल्या काही दिवसांतच भेटतो. अर्थ सोपा : छान. पण सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडात कुणाला ‘नाइस’ म्हटलं असतं, तर तो खवळलाच असता. तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख!

मूळ लॅटिन शब्द ‘नेस्किउस’. त्यातला ‘ने’ आणि संस्कृतातला नकारार्थी ‘न’ एकाच कुळातले. ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. ज्याला काही कळत नाही तो नेस्किउस. फ्रेंचमधून हा शब्द १३००च्या सुमारास इंग्रजीत उतरला. आणि गंमत म्हणजे ‘सायन्स’ही त्याच ‘स्कीरे’पासून आलेला! एकाच धातूची ही दोन लेकरं. एकाच्या वाट्याला अज्ञान आलं, दुसऱ्याच्या वाट्याला ज्ञान.

पुढे मूर्खाचा नखरेल झाला, नखरेलाचा चोखंदळ. चोखंदळाला बारीकसारीक फरक कळतात, म्हणून ‘नाइस’ म्हणजे सूक्ष्म, काटेकोर. सोळाव्या-सतराव्या शतकांत हे सारे अर्थ एकाच वेळी नांदत होते. त्या काळच्या कित्येक वाक्यांत लेखकाला यातलं नेमकं काय म्हणायचं होतं, हे ऑक्सफर्डच्या कोशकारांनाही सांगता आलेलं नाही. ‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकात रुळला आणि असा पसरला, की जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत हेन्री टिल्नी हे पात्र ऊठसूट ‘नाइस’ म्हणण्याची चक्क थट्टा करतो.

‘सूक्ष्म’ हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ असं वाचलंत, तर तिथे ‘छान फरक’ चालणार नाही. तो ‘सूक्ष्म भेद’.

मला सर्वांत मोहवतो तो ‘द टी इज नाइस अँड हॉट’ हा प्रयोग. ‘अँड’ असूनही इथे चहाचे दोन वेगळे गुण सांगितलेले नाहीत. चहा हवा तसा, सुखावेल इतका गरम आहे, एवढंच. मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही, कारण ‘चहा छान गरम आहे’ असं आपण रोज म्हणतो. दोन भाषांनी कौतुकाच्या शब्दाला नेमकं हेच काम लावावं, केवढं नवल! फक्त एक सांभाळायचं : ही ‘नाइस अँड’ची जोडी सहसा नामाआधी बसत नाही. तिथे ‘अँड’ गाळून ‘अ नाइस हॉट कप ऑफ टी’ म्हणायचं.