किडनीचा आजार आणि दारू: ऐकीव काय, खरं काय

किडनीच्या रुग्णाला दारूबद्दल साधारण दोनच उत्तरं मिळतात. घरचे म्हणतात, ‘थेंबसुद्धा नको’. मित्र म्हणतात, ‘थोडी घेतली तर काय होतंय?’ डॉक्टरांना विचारायला बहुतेकांना संकोच वाटतो. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरही पुष्कळदा ‘दारू, तंबाखू बंद’ एवढं सांगून पुढच्या पेशंटकडे वळतात. मग उरतो तो डायलिसिस सेंटरबाहेरचा बाक आणि मोबाइलवर फिरणारे निरोप. तिथे मिळणारी बरीचशी माहिती चुकीची असते, काही तर जिवावर बेतणारी. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की सगळी चर्चा ग्लासातल्या दारूभोवतीच फिरते. किडनीच्या रुग्णाचा घात मात्र अनेकदा तिच्यासोबत येणाऱ्या गोष्टी करतात: जास्तीचं पाणी, चखण्यातलं मीठ, चुकलेला डोस, उतरलेली साखर आणि सकाळी घेतलेली डोकेदुखीची गोळी.

‘बिअर घे, खडा पडून जाईल’

हा सल्ला आपल्याकडे इतका मुरलाय, की कधी थेंब न घेतलेला माणूसही मुतखडा निघाला म्हणून बिअरची बाटली घरी आणतो. बिअरने लघवी वाढते आणि तिच्या जोराने खडा वाहून जातो, असा त्यामागचा हिशेब. त्यातलं अर्धंच खरं आहे. शरीरात पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक दारूमुळे दबतं, म्हणून लघवी वाढते. पण शरीराचा स्वतःचा साठाही त्यात जातो. सकाळपर्यंत अंग कोरडं पडतं, लघवी गडद होते, आणि खडे बनतात ते अशाच दाट लघवीत. शिवाय बिअरमधल्या प्युरिनमुळे युरिक ॲसिड वाढतं. ज्यांचे खडेच युरिक ॲसिडचे आहेत किंवा ज्यांना गाऊट आहे, त्यांच्यासाठी हा उपाय म्हणजे आजारालाच खतपाणी.

खडा पडणार की नाही, हे त्याचा आकार आणि जागा ठरवते. ५ मिलीमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपसूक पडतात. त्या आठवड्यात बिअर घेतलेली असली की श्रेय बिअरला मिळतं, आणि सल्ला पुढच्या माणसाकडे जातो. १० मिलीमीटरच्या वरचा खडा क्वचितच स्वतःहून पडतो. तो मूत्रनलिकेत अडकला असेल आणि वरून लघवीचा लोंढा आला, तर किडनीवरचा दाब वाढतो आणि कळा जीव नकोसा करतात. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी वाट बंदच असते आणि दुखणं मात्र थांबतं. माणूस म्हणतो, ‘पडला वाटतं’. सोनोग्राफी होत नाही, आणि काही आठवड्यांत ती किडनी गुपचूप निकामी होत जाते. दुखणं थांबणं हा खडा पडल्याचा पुरावा नाही. आणि कळांबरोबर थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

परदेशातल्या काही मोठ्या पाहण्यांत माफक बिअर किंवा वाइन पिणाऱ्यांना खडे कमी होतात असं दिसलं आहे, हेही सांगायला हवं. पण तो खडा होण्याआधीचा, आकडेवारीतला संबंध आहे. झालेल्या खड्यावर बिअर हे औषध असल्याचं त्यातून सिद्ध होत नाही. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं साधं पाणी प्यायलं तर हवा तो फायदा मिळतो. अर्थात हा सल्ला किडन्या नीट चालणाऱ्यांसाठी. डायलिसिसवरच्या माणसाला नेमका याच्या उलट नियम लागतो.

‘दारूने लिव्हर जातं, किडनीचा काय संबंध?’

पोटात गेलेल्या दारूपैकी ९० टक्क्यांहून जास्त लिव्हर जाळतं, हे खरं. किडनीवरचा घाव आडवाटेने येतो, मुख्यतः रक्तदाबातून. नियमित आणि जास्त पिण्याने बीपी चढतं, आणि चढलेलं बीपी किडनीतल्या बारीक गाळण्या झिजवतं. लिव्हर सिरोसिसपर्यंत गेलं तर किडनी त्याच्यामागोमाग बंद पडू शकते. एका रात्री बेसुमार पिऊन तासन्‌तास एकाच कुशीवर बेशुद्ध पडलेल्या माणसाचे दबलेले स्नायू फुटतात, त्यातली द्रव्यं किडनीत तुंबतात, आणि दारूचा कसलाही जुना आजार नसलेला तरुणही डायलिसिसवर येतो.

दुसऱ्या टोकाचा समजही तितकाच चुकीचा आहे. एका पेगने किडनी ‘बसत’ नाही. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, बीपी ताब्यात असेल, तर क्वचित घेतलेल्या थोड्या दारूने किडनी झपाट्याने खालावते असा ठोस पुरावा नाही. म्हणून काही डॉक्टर मर्यादा घालून देतात. स्त्रियांना दिवसाला जास्तीत जास्त एक माप आणि पुरुषांना दोन, अशा वरच्या सीमा मार्गदर्शनांत आढळतात. ती सीमा आहे, रोजचा रतीब नव्हे. कर्करोगाचा विचार केला तर दारूचं कोणतंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पण ‘एक’ म्हणजे किती, इथेच सगळं बिनसतं. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारण ४२.८ टक्के. तिच्या ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत ते भरतं ४० ग्रॅमच्या वर. म्हणजे ‘मी फक्त एक बिअर घेतो’ म्हणणारा चार स्मॉल पेग घेत असतो. क्वार्टर म्हणजे सहा. डॉक्टरांना आकडा सांगायचा तर ‘कधीमधी’, ‘थोडी’ असं सांगू नये. बाटली कोणती आणि किती मिली, ते सांगावं. आणि ‘माझं क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ याने फार निश्चिंत होऊ नये. किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. पीत राहिल्याने हातपाय वाळलेल्या माणसात ते मुळातच कमी असतं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं.

‘चढलीय त्याला, झोपू दे’

किडनीच्या आजाराचं मोठं कारण मधुमेह. त्यामुळे आपल्या रुग्णांतले कितीतरी जण इन्सुलिनवर किंवा साखरेच्या गोळ्यांवर असतात. उपाशीपोटी रक्तात साखर सोडण्याचं काम लिव्हर करतं आणि थोडं किडनीही करते. दारू लिव्हरचं हे काम अडवते. किडनीचा वाटा आजाराने आधीच घटलेला असतो. त्यात इन्सुलिन आणि काही गोळ्या शरीराबाहेर टाकायचं कामही किडनीचंच, म्हणून त्यांचा असर लांबतो. तिन्ही गोष्टी एकाच रात्री जुळल्या की साखर कोसळते.

आता ती कोसळल्याची लक्षणं पाहा: घाम, थरथर, अडखळतं बोलणं, झोक जाणं, चिडचिड, मग गुंगी. घरच्यांना ही नशाच वाटते. ते पांघरूण घालतात, दिवा घालवतात. ज्या घरात मधुमेह आणि किडनीचा आजार दोन्ही आहेत, तिथे प्यायलेल्या माणसाची साखर ग्लुकोमीटरवर मोजल्याशिवाय त्याला झोपू देऊ नये. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर थोड्या पाण्यात ग्लुकोज पावडर किंवा साखर द्यावी. डायलिसिसच्या रुग्णाला संत्र्याचा रस देऊ नये, त्यात पोटॅशियम फार असतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता ॲम्ब्युलन्स बोलवावी.

रात्र निभावली तरी सकाळ उरते. डोकं ठणकतंय, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणलं जातं. ही औषधं किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. शरीर रात्रीपासून कोरडं आहे, बीपीसाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू आहे, जोडीला लघवीची गोळी आहे, अशा वेळी ती एक वेदनाशामक गोळी उरलीसुरली किडनी एका दिवसात बंद पाडू शकते. त्या माणसाला मात्र वाटतं, दारूने झालं. पॅरासिटामॉल किडनीला त्यामानाने सौम्य, पण भरपूर पिणाऱ्याच्या लिव्हरवर त्याचाही ताण येतो, तेव्हा किती घ्यायचं ते डॉक्टरांनीच सांगावं.

‘उद्या डायलिसिस आहेच, मशीन सगळं धुऊन काढेल’

अल्कोहोलचा रेणू लहान असतो आणि डायलिसिसने तो रक्तातून निघतो, ही शास्त्रीय गोष्ट आहे. पण सकाळी खुर्चीत बसेपर्यंत रात्रीची बरीचशी दारू लिव्हरने जाळलेली असते. मशीनच्या वाट्याला येतं ते तिच्यासोबत आलेलं पाणी. लघवी जवळजवळ बंद झालेल्या रुग्णाला दिवसभरात साधारण अर्धा ते पाऊण लिटर द्रव चालतो, चहा-आमटी धरून. बिअरच्या एका बाटलीत तो कोटा संपतो. ‘म्हणून मी कडक घेतो, पाणी कमी घालतो’ असं काहीजण सांगतात. पण मग खारे दाणे, फरसाण, पापड, सुका बोंबील, वेफर्स असतातच. मीठ तहान लावतं, तहान पाणी मागते. बटाट्याचे वेफर्स, टोमॅटो घातलेला मसाला पापड, फळांचा रस यांतून पोटॅशियम जातं. आणि चखण्याच्या ताटात कमरख म्हणजे स्टार फ्रूट असेल, तर त्याला हातसुद्धा लावू नये. निरोगी माणसाला निरुपद्रवी असलेल्या या फळातलं विष किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर जातं. उचकी थांबत नाही, झटके येतात, मृत्यूही झालेले आहेत.

मग काट्यावर वजन ड्राय वेटपेक्षा, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरच्या वजनापेक्षा, चार किलोंनी जास्त दिसतं. तेवढं पाणी चार तासांत ओढायचं म्हणजे बीपी धाडकन पडणार, पायात गोळे येणार. आपल्याकडे अनेकांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होतं. दोन डायलिसिसमधला लांबचा खंड हृदयासाठी सर्वांत धोक्याचा असतो, आणि पार्ट्याही नेमक्या त्याच शनिवार-रविवारी होतात. आणखी एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही: गाढ झोपेत फिस्टुलाचा (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीचा) हात रात्रभर अंगाखाली दबला, तर फिस्टुलात गुठळी होऊन तो बंद पडू शकतो. सकाळी उठल्यावर तिथे बोट ठेवून थरथर लागते का ते पाहावं. लागली नाही तर लगेच सेंटरला फोन करावा.

‘नवी किडनी बसली, आता मोकळे’

पहिले काही महिने औषधांचे डोस चढे असतात, तेव्हा बहुतेक केंद्रं दारूला साफ नकार देतात. पुढे काही रुग्णांना डॉक्टर क्वचित, मोजून घेण्याची मुभा देतात. मोजकं पिणाऱ्या प्रत्यारोपित रुग्णांची तब्येत चांगली राहिल्याच्या पाहण्या दाखवल्या जातात. पण ज्यांची तब्येत आधीच चांगली असते तेच पिण्याच्या स्थितीत असतात, त्यामुळे त्यावरून दारू हितकर ठरत नाही.

खरी गोम घड्याळात आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस सहसा बारा-बारा तासांनी घ्यायचं असतं, अनेकांचं सकाळी ९ आणि रात्री ९. रात्रीचे ९ म्हणजे पार्टी रंगायची वेळ. गोळी राहते, दोनदा घेतली जाते किंवा उलटीत पडते. किडनी नाकारली जाऊ लागते तेव्हा सहसा दुखत नाही. पुढच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, तेवढीच खूण. दिवसातून एकदाच घ्यायच्या टॅक्रोलिमसच्या काही प्रकारांत तर दारूमुळे औषध एकदम सुटतं, म्हणून त्यांच्या माहितीपत्रकातच दारूबरोबर घेऊ नका असं छापलेलं असतं. कॉकटेलमध्ये ग्रेपफ्रूटचा रस असेल तर औषधाची रक्तातली पातळी वर जाते; आपलं पपनसही त्याच कुळातलं. क्षयाची औषधं चालू असतील तर आयसोनियाझिड आणि दारू मिळून लिव्हर बिघडवतात. ‘नैसर्गिक’ म्हणून ताडी किंवा माडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की ती जिवंत जंतूंनी आंबलेली असते आणि आपली प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. गावठीचा धोका सगळ्यांनाच आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली.

भारतात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त आहेत. आई देते, बायको देते. ऑपरेशननंतर दोघांच्याही शरीरात एकेकच चालती किडनी असते. किडनी देणारीच्या बीपीची, लघवीची तपासणी वर्षाला होते का, हे नवऱ्याच्या पथ्याइतक्याच काळजीने विचारलं जायला हवं. फार कमी घरांत ते विचारलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

‘सोडायची तर एका झटक्यात’

रोज पिणाऱ्याच्या बाबतीत हा सल्ला घातक ठरू शकतो. अनेक वर्षांची रोजची क्वार्टर अचानक तोडली, की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापणं, झोप उडणं, झटके, भास, बरळणं सुरू होऊ शकतं. किडनीच्या रुग्णात ही लक्षणं युरिया वाढल्याची समजली जातात आणि मोलाचे तास वाया जातात. उतारावरची औषधंही किडनीच्या स्थितीनुसार निवडावी लागतात. म्हणून दारू बंद करण्याआधी नेफ्रॉलॉजिस्टला कळवावं आणि व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं घालून द्यावं. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी दाखल होतानाच डायलिसिसचे वार, ड्राय वेट आणि औषधांची यादी कागदावर लिहून द्यावी. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्याआधीही केंद्रं पिण्याबद्दल विचारतात. तिथे खरं सांगितलं तर प्रत्यारोपण थोडं लांबेल, पण त्या काळात उपचार मिळतात. लपवलं तर ऑपरेशननंतर वॉर्डातच झटके येऊ शकतात.