गुलाबी कापूस, लालभडक फ्लॉवर

2024 च्या सुरुवातीला गोव्यातल्या म्हापसा पालिकेने गोबी मंच्युरियनवर बंदी घातली, तेव्हा देशभर थट्टा झाली. फ्लॉवरच्या भज्यांना कसलं घाबरायचं, असा सूर होता. मार्चमध्ये शेजारच्या कर्नाटकाने तपासणीचे आकडे जाहीर केले आणि थट्टा ओसरली. मंच्युरियनच्या 171 नमुन्यांपैकी 107 नमुन्यांत घालू नयेत असे रंग सापडले होते.

त्यांत टार्ट्राझिन होता, सनसेट यलोही होता. हे दोन्ही भारतात परवानगी असलेल्या आठ कृत्रिम रंगांतलेच. मग चुकलं कुठे? परवानगी नुसत्या रंगाला नसते. कोणत्या पदार्थात आणि किती, हेही ठरलेलं असतं. आइस्क्रीम, बिस्किटं, गोळ्या, मिठाई यांत तो चालतो, मंच्युरियनमध्ये नाही. आणि जिथे चालतो तिथेही मर्यादा सहसा किलोमागे 100 मिलिग्रॅमची. चहाचा चमचाभर शुद्ध रंग चार ग्रॅम धरला, तर तो चाळीस किलो मिठाईला पुरायला हवा! कढईपाशी उभा असलेला माणूस मात्र चिमटीने अंदाज घेतो. त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

ऱ्होडामाइन बी ची गोष्ट निराळी. तो खाण्याचा रंगच नव्हे, कापड आणि कागद रंगवायचा. स्वस्त, पाण्यात चटकन विरघळणारा, डोळ्यांत भरणारा गुलाबी. जत्रेत पोरं ज्याच्यासाठी हट्ट धरतात त्या ‘म्हातारीच्या केसां’त तो सापडला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये पुदुच्चेरी व तमिळनाडूने त्या गुलाबी कापसाची विक्रीच थांबवली.

परवानगीची यादीही कायमची नसते. एरिथ्रोसिन या लाल रंगामुळे उंदरांना थायरॉइडच्या गाठी होतात, म्हणून अमेरिकेने 1990 मध्ये तो सौंदर्यप्रसाधनांतून काढला. खाद्यपदार्थांतून काढायचा निर्णय व्हायला जानेवारी 2025 उजाडला. भारताच्या आठांत तो आहे.

घरच्या हळदीपुरती एक परीक्षा सोपी आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवायची. चांगली हळद तळाशी बसते, वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. भेसळीची असेल तर पाणी गडद पिवळं होतं. पाकिटबंद खाऊवर 102, 110, 124 असे रंगांचे क्रमांक तरी वाचता येतात. गाडीवर तेही नसतं. तिथे रंगाची पुडी दाखवायला सांगावी आणि पुडी सुटी, बिननावाची निघाली तर पुढे जावं.