शहरातच फिरणारा पैसा

ब्रिटनमधील ब्रिस्टल शहराचे पहिले थेट निर्वाचित महापौर जॉर्ज फर्ग्युसन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये पदभार स्वीकारला आणि आपले ५१ हजार पाउंडांचे वार्षिक वेतन आपण 'ब्रिस्टल पाउंडां'मध्ये घेणार असल्याचे जाहीर केले. ब्रिस्टल आणि परिसराबाहेर ज्याला कोणी विचारणार नाही, असे हे चलन. ते सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. साहजिकच महापौरांच्या या घोषणेची चर्चा लंडनपर्यंत झाली.

खरे तर 'चलन' हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. ब्रिस्टल पाउंड स्वीकारण्याची सक्ती कोणावरही नव्हती. नागरिकाने साधे पाउंड द्यावेत, तेवढेच ब्रिस्टल पाउंड घ्यावेत आणि मूळ रक्कम स्थानिक पतसंस्थेत सुरक्षित राहावी, अशी ही व्यवस्था होती. कचेऱ्यांतून मिळणाऱ्या जेवणाच्या कुपनांशी तिचे साम्य आढळेल. मात्र कुपन उपाहारगृहात दिले की त्याचा प्रवास संपतो. ब्रिस्टल पाउंड हाती आलेल्या दुकानदाराने तो शहरातील दुसऱ्या व्यावसायिकाकडे खर्च करावा, हीच अपेक्षा होती. कागदी नोटांखेरीज मोबाइलवरील लघुसंदेशाद्वारेही पैसे देता येत.

यामागील अर्थविचार सोपा आहे. ग्राहकाने मोठ्या साखळी दुकानात दहा पाउंड खर्च केले, तर तेथील कामगारांचे वेतन वगळता बहुतेक रक्कम मुख्यालयाकडे, दूरच्या पुरवठादारांकडे आणि भागधारकांकडे जाते. तेच दहा पाउंड शहरातील बेकरीत गेले आणि बेकरीवाल्याने त्यातून जवळच्या शेतकऱ्याची अंडी घेतली, तर तीच रक्कम शहराला दुसऱ्यांदा उत्पन्न देते. स्थानिक चलन या दुसऱ्या, तिसऱ्या हस्तांतराचा आग्रह धरते. अर्थात बेकरीवाल्याला लागणारे पीठ बाहेरूनच येत असेल, तर त्याच्या गल्ल्यात या नोटा साचून राहणार! म्हणूनच ब्रिस्टलच्या पालिकेने व्यापाऱ्यांकडील कर या चलनात स्वीकारण्याची तयारी दाखवली, ही गोष्ट महापौरांच्या वेतनापेक्षा कितीतरी महत्त्वाची होती. नोट कोठेच खपली नाही तरी पालिकेच्या खिडकीवर खपेल, याची खात्री त्यामुळे व्यापाऱ्याला मिळाली. पुढे आठशेहून अधिक व्यवसाय या व्यवस्थेत सामील झाले.

कर भरण्यासाठी चालणारी स्थानिक नोट ही कल्पना मात्र नवी नव्हे. ऑस्ट्रियातील व्योर्गल या सुमारे चार हजार वस्तीच्या गावाने जागतिक मंदीत ती अधिक धाडसाने राबवली होती. गावात बेकारी वाढलेली, नागरिकांचे कर थकलेले आणि पालिकेची तिजोरी रिकामी. महापौर मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनी जुलै १९३२ मध्ये पालिकेची 'श्रमप्रमाणपत्रे' काढली आणि रस्ते, पूल अशा कामांवरील मजुरांना त्यांतून वेतन देण्यास सुरुवात केली.

या प्रमाणपत्राला एक विलक्षण अट होती. दरमहा त्याच्या किमतीच्या एक टक्क्याचे तिकीट त्यावर चिकटवावे लागे, अन्यथा ते पूर्ण किमतीला चालत नसे. नोट घरात दडवून ठेवण्यात तोटा असल्याने जो तो ती चटकन पुढे सरकवी. लोकांनी थकलेले कर भरले, काहींनी तर पुढचे करही आगाऊ भरले. पालिकेकडे आलेली तीच नोट पुन्हा मजुरीच्या रूपाने बाहेर पडे. त्यामुळे काही हजार शिलिंगांच्या नोटांवर त्याहून कितीतरी अधिक रकमेचे व्यवहार झाले. इतर गावेही अनुकरणाच्या तयारीत असताना ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने नोटा काढण्याच्या आपल्या मक्तेदारीकडे बोट दाखवले आणि सप्टेंबर १९३३ मध्ये हा प्रयोग बंद करावा लागला.

ब्रिस्टलवर अशी बंदी कोणी घातली नाही. पण व्योर्गलमध्ये पैशाचाच दुष्काळ होता आणि काम करू शकणारे हात रिकामे होते. तेथे नव्या नोटेने जे घडले, ते पूर्वी घडतच नव्हते. ब्रिस्टलच्या ग्राहकाच्या दुसऱ्या खिशात मात्र सर्वत्र चालणारा पाउंड होताच. बँकेतील पाउंड देऊन ब्रिस्टल पाउंड घेतल्याने शहरातील एकूण पैसा वाढत नव्हता, केवळ त्याची वाट बदलत होती. ती बदलण्याची तसदी प्रत्येक ग्राहकाने स्वेच्छेने घ्यायची होती. पुढे कार्ड यंत्राला नुसते टेकवून पैसे देण्याची सोय सर्वत्र झाली आणि वेगळ्या नोटा बाळगण्याचा उत्साह ओसरू लागला. व्याज नाही, मुख्यतः शहराविषयीची आस्था, एवढ्या बळावर रोजच्या खरेदीची सवय मोडणे बहुतेकांना जड गेले असावे. २०२० मध्ये ब्रिस्टल पाउंडाची खाती बंद झाली आणि २०२१ मध्ये कागदी नोटाही व्यवहारातून गेल्या.