‘जा’चा ‘गेला’ कसा झाला?

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचे लेणे नहपान विहार म्हणून ओळखले जाते. त्याच्या व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर सुमारे 1900 वर्षांपूर्वी कोरलेला एक लेख आहे. लेख उषवदाताचा. तो दीनिकाचा मुलगा आणि क्षहरात क्षत्रप नहपान राजाचा जावई. आधी दानधर्माची लांबलचक यादी येते आणि मग उषवदात एकदम स्वतःविषयी बोलू लागतो. मालय लोकांनी उत्तमभाद्र लोकांना वेढले होते, त्यांची सुटका करायला धन्याच्या आज्ञेवरून तो ऐन पावसाळ्यात निघाला. मालय नुसत्या गर्जनेनेच पळाले. मग तो पुष्करला गेला, तिथे त्याने अभिषेक केला, तीन हजार गाई दिल्या आणि एक गावही दिले.

इतिहासाचे अभ्यासक हा मजकूर लढाईसाठी वाचतात. मराठीच्या शिक्षकाने मात्र तो क्रियापदांसाठी वाचावा. लेखाची भाषा संस्कृत आणि प्राकृत यांची सरमिसळ आहे. ‘मी गेलो’ यासाठी तिथे ‘गतोस्मिं’ असे कोरले आहे. ‘मी अभिषेक केला’ यासाठी ‘मया’, ‘अभिसेको’, ‘कृतो’ असे शब्द आहेत. गाई ‘दतानि’, म्हणजे अनेकवचनी. मालय पळाले ते ‘अपयाता’.

आता शाळेतला प्रश्न घेऊ. ‘बस’चा ‘बसला’ होतो, ‘चाल’चा ‘चालला’ होतो, मग ‘जा’चा ‘जाला’ का होत नाही? ‘कर’चा ‘करला’ का नाही? लहान मूल तर ‘मी करलं’ असेच म्हणते, आणि घरातले हसून ‘केलं म्हण’ असे सुधारतात. व्याकरणाच्या पुस्तकात जा-गेला, ये-आला, कर-केला, मर-मेला, हो-झाला ही मंडळी अनियमित म्हणून वेगळी बसवलेली असतात. कारण कोणी सांगत नाही, आणि मुले पाठ करून मोकळी होतात.

कारण आहे, आणि ते फार अवघड नाही. संस्कृतात ‘जाणे’ या अर्थाचे दोन धातू नेहमीच्या वापरात होते, ‘या’ आणि ‘गम्’. नाशिकच्या त्या एकाच लेखात दोन्ही हजर आहेत: ‘अपयाता’मध्ये ‘या’ आणि ‘गतो’मध्ये ‘गम्’. मराठीने ‘या’पासून ‘जा’ घेतला आणि त्यावर वर्तमान, भविष्य, आज्ञा, विधी असा सगळा संसार उभा केला: जातो, जाईन, जा, जावे, जायचा. भूतकाळासाठी मात्र ‘गम्’चे ‘गत’ ठेवले. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘त’ झिजून ‘गत’चे ‘गअ’ झाले. त्याला ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला आणि ‘अ’ व ‘इ’ मिळून ‘ए’ झाला. तोच ‘गेला’.

हेच गणित ‘कृत’ला लावले की ‘केला’ येतो, ‘मृत’ला लावले की ‘मेला’. ‘आगत’चा ‘आला’ झाला. ‘झाला’ हा तर ‘हो’चा कोणीच नाही. तो ‘जात’पासून, म्हणजे जन्मलेला या अर्थाच्या शब्दापासून आला. मोडी कागदपत्रांत तो ‘जाला’, ‘जाले’ असाच भेटतो. म्हणजे ज्यांना आपण अनियमित म्हणतो ती रूपे एका जुन्या नियमाने काटेकोर बनलेली आहेत. नवा नियम नंतर आला. शेकडो क्रियापदांनी ‘गत’, ‘कृत’सारखे जुने कृदंत सोडून दिले आणि सरळ धातूला ‘ला’ लावला, म्हणून बसला, चालला. ही मूठभर तेवढी जुन्या वळणावर राहिली.

हीच का राहिली? कारण ती रोज तोंडात असतात. जे रूप दिवसातून शंभरदा कानावर पडते ते मूल आयतेच उचलते, नियम लावून बनवायची त्याला गरजच पडत नाही. क्वचित वापरातले रूप विसरले जाते आणि त्या जागी नियमाने बनवलेले रूप येते. इंग्रजीपुरते हे मोजूनही झाले आहे. 2007 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे तपासली होती. मध्ययुगात त्यांतली 145 अनियमित उरली, आज 98. जे क्रियापद शंभरपट कमी वापरात, ते दहापट वेगाने नियमित झाले. मराठीतही ‘दिधला’ हे रूप जुन्या कवितेत राहिले आणि बोलण्यात ‘दिला’ स्थिरावला.

इटालियन शिकणाऱ्याला सर्वांत आधी छळणारे क्रियापदही ‘जाणे’च आहे. मूळ रूप ‘आन्दारे’, पण ‘मी जातो’ म्हणजे ‘वादो’, ‘तू जातोस’ म्हणजे ‘वाई’, ‘ते जातात’ म्हणजे ‘वान्नो’. मध्येच ‘आम्ही जातो’ म्हणताना ‘आन्दियामो’ येते, ‘तुम्ही जाता’साठी ‘आन्दाते’. इथेही दोन धातूंची मोट बांधली आहे. जिथे जोर धातूवर पडतो तिथे लॅटिनच्या ‘वादेरे’चे वंशज, जिथे जोर प्रत्ययावर सरकतो तिथे ‘आन्द’. फरक इतकाच की मराठीत धातू काळाप्रमाणे बदलतो आणि इटालियनमध्ये एकाच वर्तमानकाळात पुरुष-वचनाप्रमाणे. ‘करणे’ची गोष्ट तर आपल्या ओळखीची वाटते: ‘फाच्चो’ म्हणजे करतो आणि ‘फात्तो’ म्हणजे केलेले. ‘फात्तो’ लॅटिन ‘फाक्तुम’मधून आला, जसा ‘केला’ ‘कृत’मधून. इटालियन मुलेही आपल्या मुलांसारखीच चुकतात. उघडले यासाठी ‘आपेर्तो’ म्हणायचे, तर ती नियम लावून ‘आप्रितो’ म्हणतात.

‘मी गेलो’ला इटालियन पुरुष ‘सोनो आन्दातो’ म्हणतो. शब्दशः, मी गेलेला आहे. उषवदाताचे ‘गतोस्मिं’ही नेमके हेच: गेलेला, अधिक ‘आहे’. आणि बाई बोलत असेल तर ‘सोनो आन्दाता’, कृदंताला स्त्रीलिंगी प्रत्यय. नाशिकच्या खेड्यापाड्यांत आणि शहरातही अनेक बायका ‘मी गेली’, ‘मी आली’ म्हणतात. प्रमाणभाषेत ‘मी गेले’, ‘मी आले’ हवे, म्हणून त्यांना टोकले जाते. परीक्षेच्या पेपरात ‘गेले’च लिहावे हे खरे. पण ‘मी गेली’मागचा विचार निखळ व्याकरणाचा आहे: गेलेली कोण, तर स्त्री. त्याला अशुद्ध म्हणून नाक मुरडण्यासारखे काही नाही.

‘मया कृतो’मध्ये आणखी एक गोष्ट दडली आहे. ‘मया’ म्हणजे ‘माझ्याकडून’. म्हणून क्रियापद करणाऱ्याला जुळत नाही, केलेल्या गोष्टीला जुळते. मी अभिषेक केला, मी पूजा केली, मी दान केले. बोलणारा पुरुष असो वा स्त्री, ‘केला-केली-केले’ ठरते ते अभिषेक, पूजा आणि दान यांवरून. जुन्या मराठीत इथे ‘म्यां केला’ असे स्पष्ट तृतीयेचे रूप होते. पुढे ‘म्यां’ जाऊन ‘मी’ राहिला, पण क्रियापदाने आपली सवय सोडली नाही. परभाषिक माणूस मराठी शिकताना इथेच अडखळतो, त्यात ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरले’ अशी कर्म असूनही कर्त्याला जुळणारी क्रियापदे आली की त्याची पुरती तारांबळ उडते.

ही सगळी रूपे नीट मांडायला मराठीला बराच काळ लागला. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 चे, दादोबा पांडुरंगांचे 1836 चे आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चे. हे दामले केशवसुतांचे धाकटे भाऊ. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांना घाम फोडणारे ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात हे शब्द रूपाच्या प्रत्ययावरून पडले आहेत. ‘जातो’ ताख्यात, ‘गेला’ लाख्यात, ‘जावा’ वाख्यात, ‘जाईल’ ईलाख्यात. काळाऐवजी प्रत्ययावरून नाव देण्यात मोठे शहाणपण आहे, कारण रूप आणि काळ यांची जोडी कायमची नसते. ‘जाई’, ‘करी’ ही रूपे आज ‘तो रोज जाई’ अशी भूतकाळातली रीत सांगतात. एके काळी तो साधा वर्तमानकाळ होता. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीत तो अजून जिवंत आहे.

नाशिक जिल्ह्याला या विषयात एक खास मान आहे. भूतकाळात ‘ल’ वापरणाऱ्या भाषांचा एक मोठा पट्टा आहे: मराठीत गेला, भोजपुरीत गइल, बंगालीत गेलो. दुसरीकडे हिंदीत गया, गुजरातीत गयो, ‘ल’ नाही. या दोन पट्ट्यांची शीव नाशिक जिल्ह्यातूनच जाते. सिन्नर-निफाडकडे ‘तो गेला’. सटाणा, मालेगाव, कळवणकडच्या अहिराणीत ‘तो गया’, आणि आला यासाठी ‘उना’, आली यासाठी ‘उनी’. ‘काय करतो आहेस?’ याला ‘काय करी राहिना?’ ‘मी जातो’, ‘तू जातोस’, ‘तो जातो’ या तिन्हींना मिळून एकच ‘जास’. अहिराणीने ‘ल’ पूर्ण टाकलेलाही नाही. ‘केलेले आहे’ याला ‘करेल शे’ म्हणतात, आणि नव्याने सटाण्याला बदलून आलेला शिक्षक ते भविष्यकाळ समजून काम होण्याची वाट पाहत बसू शकतो.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीचे, म्हणजे अहिराणीचे, प्रकरण 1907 साली छापले गेले, तेही मराठीच्या खंडात नसून भिल्ल भाषांच्या खंडात. 2011 च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली 18 लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा नोंदवली. मात्र यांतली बहुतेक मुले शाळेत जातात ती प्रमाण मराठीच्या वर्गात.

‘गया’ म्हणणारे मूल चुकत नाही. ‘गत’ या एकाच शब्दापासून त्याचा ‘गया’ आणि पुस्तकातला ‘गेला’, दोन्ही निघाले आहेत. बागलाणातल्या आणि मालेगावातल्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती. क्रियापदाचा पाठ शिकवताना फळ्यावर प्रमाण मराठीच्या रकान्याशेजारी अहिराणीचाही रकाना आखावा आणि तो मुलांकडूनच भरून घ्यावा. भरायला लागणारी सगळी रूपे त्यांना आधीच येतात.