मेणबत्तीची कहाणी

शास्त्रज्ञाने लावलेला शोध त्याच्या प्रयोगशाळेतच राहिला, तर तो मोजक्या पंडितांपुरताच उरतो. सामान्य जनांस तो त्यांना समजेल अशा भाषेत सांगणे हेही आपलेच काम आहे, असे मायकेल फॅरडे मानीत असे. त्याला कारणही तसेच होते.

फॅरडेचा जन्म १७९१ साली इंग्लंडात एका लोहाराच्या घरी झाला. घरची गरिबी, शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतेच. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचू लागला. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत होणाऱ्या, हंफ्री डेव्ही या प्रख्यात रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. ही व्याख्याने लोकांसाठी नसती, तर बांधणीकाराच्या या पोराला शास्त्राचे दार कोणी उघडले असते? त्याने ऐकलेल्याची टिपणे केली, ती स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठविली. १८१३ साली तो त्याच संस्थेत मदतनीस झाला. ज्या तत्त्वावर आज विजेची जनित्रे चालतात, ते त्याने पुढे १८३१ साली शोधून काढले.

या संस्थेत १८२५ सालापासून नाताळात मुलांसाठी व्याख्याने होत. फॅरडेने अशा एकोणीस व्याख्यानमाला गुंफिल्या. त्यांपैकी मेणबत्तीवरील व्याख्याने सर्वांत गाजली. जी वस्तू प्रत्येकाच्या घरी होती, तीच त्याने विषय म्हणून निवडली, यातच त्याचे चातुर्य दिसते.

घट्ट मेण जळते कसे? ज्योतीच्या उष्णतेने ते वितळते. तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी खालची गार हवा मेणबत्तीच्या अंगाला लागून वर चढते; म्हणून कड घट्ट राहते आणि मध्ये वाटीसारखा खळगा पडतो. त्यातील मेण केशाकर्षणाने वातीत चढते व तेथे त्याची वाफ होते. खरोखर जळते ती ही वाफ! मेणबत्ती हळूच विझविली, की वातीतून पांढुरकी रेघ निघते. जळती काडी वातीपासून दोन-तीन इंच दूर, त्या रेघेत धरली, की ज्योत रेघेवरून धावत जाऊन वात पुन्हा पेटविते. (हा प्रयोग वडीलधाऱ्यांसमक्षच करावा.) ज्योतीवर गार भांडे धरले, तर त्यावर पाण्याचे थेंब जमतात. अग्नीतून पाणी निघालेले पाहून मुले चकित झाली नसतील तरच नवल! शेवटी फॅरडे मुलांना त्यांच्या श्वासापर्यंत नेई: मेणबत्तीप्रमाणेच आपले शरीरही हवेतील ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते.

हे सारे त्याला सहज साधले, असे मात्र नाही. त्याने वक्तृत्वाचे धडे घेतले होते. बोलण्याच्या भरात वेग वाढे, म्हणून ‘हळू’ असे लिहिलेले कार्ड तो समोर ठेववीत असे.

१८६०-६१ च्या नाताळात त्याने मेणबत्तीवरील ही व्याख्याने पुन्हा दिली. ती त्याची अखेरची नाताळ व्याख्याने ठरली. त्या वेळी शब्दशः उतरून घेतलेली ही व्याख्याने विल्यम क्रुक्स या तरुण शास्त्रज्ञाने संपादित केली. दुसऱ्याच्या व्याख्यानांची टिपणे एके काळी स्वतः बांधणाऱ्या फॅरडेची व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने बांधून निघाली. ते पुस्तक आजही मिळते.