मुंबई विद्यापीठ : सिंधपासून शिरगावपर्यंत

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. सर चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या शैक्षणिक खलित्यात हिंदुस्थानात लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे काढावीत अशी शिफारस होती. तिला धरून १८५७ साली तीन विद्यापीठांचे कायदे झाले. कलकत्त्याचा जानेवारीत, मुंबईचा जुलैमध्ये आणि मद्रासचा सप्टेंबरमध्ये. उत्तरेत उठाव पेटलेला असताना मुंबई इलाख्यात गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे या विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले.

लंडनच्या धर्तीचे विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारे विद्यापीठ. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. नव्या विद्यापीठाला त्यामुळे ना वर्ग होते, ना वसतिगृह, ना स्वतःची इमारत. त्याचे समारंभ टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आज एशियाटिक ग्रंथालय जिथे आहे त्या पायऱ्यांच्या इमारतीत होत. पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ मध्ये झाली. शंभरावर मुले बसली आणि जेमतेम वीस-बावीस उतरली. १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, ती चौघांची : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांपैकी भांडारकर पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या अगदी आधी काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या रूपाने कुलगुरूपद पहिल्यांदा हिंदी माणसाकडे आले होते. परीक्षा देणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीतला माणूस तीस-बत्तीस वर्षांत त्याच संस्थेचा प्रमुख व्हावा, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे.

या विद्यापीठाचे क्षेत्र आज नकाशावर पाहिले तर थक्क व्हायला होते. उत्तरेला सिंध, मध्ये गुजरात आणि काठियावाड, पूर्वेला खानदेश व देश, दक्षिणेला धारवाड-कारवार आणि किनाऱ्याने सगळे कोकण. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातला विद्यार्थी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला विद्यार्थी एकाच प्रश्नपत्रिकेसमोर बसत. मोहनदास गांधी १८८७ मध्ये मॅट्रिकला बसले ते मुंबई विद्यापीठाच्याच. परीक्षेची केंद्रे मुंबई आणि अहमदाबाद अशी दोन होती. काठियावाडच्या मुलांना जवळचे आणि स्वस्त म्हणून अहमदाबाद बरे पडे, आणि राजकोटच्या या मुलाने अहमदाबाद पहिल्यांदा पाहिले ते त्या परीक्षेच्या निमित्ताने. त्या काळात विद्यापीठ विद्यार्थ्यापासून किती दूर होते, हे यावरून समजते. विद्यापीठाची गाठ पडे ती परीक्षेच्या दिवशी. हे अंतर हळूहळू कसे घटत गेले, हाच या संस्थेच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीचा मुख्य धागा आहे.

इमारत आली ती कापसाच्या पैशातून. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाशिवाय पर्याय उरला नाही आणि शहरात पैशाचा पूर आला. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी पदवीदान सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. कापसाचे आणि शेअर बाजाराचे त्या काळचे सम्राट प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि त्यानंतर मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे ही त्यांची इच्छा होती. १८६५ मध्ये युद्ध संपले, बाजार कोसळला आणि प्रेमचंदही त्यात बुडाले. देणगी मात्र टिकली.

दोन्ही इमारतींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. त्यांनी ते लंडनमध्ये बसून काढले. मुंबई त्यांनी कधीच पाहिली नाही. सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले. ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांची पायाभरणी १ मार्च १८६९ रोजी झाली आणि काम १८७८ च्या नोव्हेंबरात संपले. मनोऱ्याची उंची २८० फूट. दगड कुर्ल्याचा, पिवळसर. आराखडा परदेशी असला तरी मनोऱ्यावरच्या मूर्ती इथल्या माणसांच्या आहेत. पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींची रूपे तिथे दगडात उभी आहेत आणि ती घडवण्यात रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच अभियंत्याचा हात होता. मान वर करून ती पाहणाऱ्याला पागोट्यांचे प्रकार ओळखता येतात. विद्यापीठाच्या इमारतीवर गावोगावच्या माणसांना अशी जागा मिळाली, तेव्हा त्या गावांतून आत येणारे विद्यार्थी मोजकेच होते. स्त्रियांना तर पदवीची वाट १८८० च्या दशकात खुली झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या.

फोर्टचा हा परिसर सगळा मिळून तेरा एकरांचा. इतक्या जागेत परीक्षा घेणारे विद्यापीठ मावत होते. शिकवणारे मावणे शक्य नव्हते. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने अध्यापनाची मुभा दिली, पण मुंबईत स्वतःचे विभाग सुरू व्हायला आणखी पंधरा वर्षे लागली. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र विभाग निघाला. पुढे १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो असा वाढवला, की भारतीय समाजशास्त्राच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला, तो पुढे माटुंग्यात वाढला. मुंबईतल्या आणि पुढे तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या रंग, औषध आणि कापड-प्रक्रिया कारखान्यांना तज्ज्ञ पुरवणारी ही संस्था. यूडीसीटी या जुन्या नावाने ती ओळखणारे आजही पुष्कळ आहेत. २००८ मध्ये ती अभिमत विद्यापीठ होऊन वेगळी झाली.

स्वातंत्र्याबरोबर जुने क्षेत्र झपाट्याने आवरत गेले. सिंधचे विद्यापीठ १९४७ मध्येच वेगळे झाले. १९४९ या एका वर्षात पुणे, बडोदा, गुजरात आणि कर्नाटक अशी चार विद्यापीठे उभी राहिली. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे या संक्रमणकाळात मुंबईचे कुलगुरू होते. मॅट्रिकची परीक्षाही याच सुमारास विद्यापीठाकडून शालान्त परीक्षा मंडळाकडे गेली. मुंबई विद्यापीठ आता बृहन्मुंबईपुरते उरले. नव्या पुणे विद्यापीठाकडे बारा जिल्हे आले आणि मुंबईला खेटून असलेला ठाणे जिल्हाही त्यांत होता. पालघर, डहाणू, वसई हे तालुके मुंबईच्या गाडीवर, पण विद्यापीठ घाटापलीकडे, अशी ही रचना होती. ती सोयीची नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

ही रचना १९७४ च्या विद्यापीठ कायद्याने बदलली. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांपर्यंत वाढले आणि तलासरीपासून बांद्यापर्यंतची कोकणपट्टी पुन्हा एका विद्यापीठाखाली आली. पालघर आणि आसपासच्या शिरगाव, सातपाटी, माहीम, केळवे, बोईसर, तारापूर या गावांच्या दृष्टीने विद्यापीठाच्या इतिहासातली हीच खरी महत्त्वाची तारीख.

मात्र तारखेने महाविद्यालये उगवत नाहीत. त्यांच्यासाठी आधी शाळा लागतात. या किनाऱ्यावर ते काम आधीच झालेले होते. बोर्डीला गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा १९२० मध्ये सुरू झाली. आचार्य भिसे यांनी तिच्यात आयुष्य घातले. त्याच बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात बालशिक्षण नेले. पुढे बोर्डीतच एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय निघाले. तलासरीच्या महाविद्यालयाला गोदावरी शामराव परुळेकर यांचे नाव आहे. १९४५ मध्ये वारल्यांचा लढा ज्या मुलखात उभा राहिला, तिथेच त्या लढ्यातल्या नेत्याच्या नावाने पदवीचे वर्ग भरावेत, याचा अर्थ त्या मुलखाबाहेरच्यांनीही समजून घेण्यासारखा आहे. वसईत वर्तक महाविद्यालय झाले, जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे.

पालघरच्या महाविद्यालयाला सोनोपंत दांडेकरांचे नाव आहे. शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर हे केळवे-माहीमचे, म्हणजे याच तालुक्यातले. जन्म १८९६ चा. वारकरी संप्रदायातले ज्ञानेश्वरीचे अभ्यासक आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून महाराष्ट्राला ते ठाऊक. ते विद्यार्थी होते तेव्हा पुण्याची महाविद्यालयेही मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होती. म्हणजे माहीमच्या मुलाने शिकायला पुण्याला जायचे आणि पदवी मुंबईची घ्यायची. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात आज शिरगावची मुले सात-आठ किलोमीटरवरून येतात आणि संध्याकाळी घरी परततात. एका आयुष्यात आणि त्याच्या थोड्या पुढे अंतर इतके कमी झाले.

मुंबईत या काळात विद्यापीठाचा दुसरा परिसर उभा राहिला. सांताक्रूझ पूर्वेला कालिना येथे दोनशेहून अधिक एकरांवर विद्यानगरी वसली आणि १९७१ पासून विभाग तिकडे हलू लागले. भाषा, सामाजिक शास्त्रे, विज्ञान या शाखांचे पदव्युत्तर विभाग आणि जवाहरलाल नेहरू ग्रंथालय तिथे आहे. फोर्टकडे प्रशासन, पदवीदान सभागृह आणि जुने ग्रंथालय उरले. फोर्टच्या देखणेपणाची सर कालिन्याला नाही. पण विद्यापीठाने प्रत्यक्ष शिकवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर पेलले ते इथेच, आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ म्हणून आठवते ते कालिनाच.

त्याच १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले. हीच पुढची दूरस्थ शिक्षण संस्था, ‘आयडॉल’. बोईसर-तारापूरच्या दृष्टीने तिचे मोल कालिन्याच्या कोणत्याही विभागापेक्षा कमी नाही. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि या पट्ट्यात पाळ्यांमध्ये राबणाऱ्यांची मोठी वस्ती झाली. रात्रपाळी करणाऱ्याला, घर सांभाळणाऱ्या बाईला, अर्ध्यावर शिक्षण सुटलेल्याला महाविद्यालयाच्या बाकावर बसणे शक्य नव्हते. टपालाने आलेल्या पुस्तकांवर बी.ए., बी.कॉम. होण्याची सोय त्यांच्यासाठी होती.

कोकणाच्या दक्षिण टोकाला विद्यापीठ पोहोचले ते १९८९ मध्ये. रत्नागिरीत मिरजोळे औद्योगिक वसाहतीत उपकेंद्र निघाले. मुंबईपासून साडेतीनशे किलोमीटरवरच्या जिल्ह्याला हे केंद्र फार आधी मिळायला हवे होते. ४ सप्टेंबर १९९६ रोजी ‘बॉम्बे’ जाऊन विद्यापीठाच्या नावात ‘मुंबई’ आले. पुढे ठाण्यात बाळकुमला उपपरिसर झाला. कायदा आणि व्यवस्थापन यांचे पाच वर्षांचे एकत्रित अभ्यासक्रम तिथे चालतात. कल्याणला अभियांत्रिकी व उपयोजित विज्ञानांचा, सावंतवाडीला सिंधुदुर्गाचा उपपरिसर आला. मंडणगड तालुक्यात डॉ. आंबेडकरांच्या मूळ गावी, आंबडवे येथे आदर्श महाविद्यालय उघडले. १९१२ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून याच विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याच्या गावी विद्यापीठ स्वतः चालून गेले, ते शंभर वर्षांनी.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा वेगळा झाला. नकाशावर ठाण्याचा उपपरिसर पालघरला जवळचा वाटतो. प्रवासात तो तसा नाही. पालघर पश्चिम रेल्वेवर, ठाणे मध्य रेल्वेवर. गाडीने जायचे तर दादरला उतरून पुन्हा उलटे फिरायचे, नाहीतर वसईहून घोडबंदरच्या रस्त्याने. त्यामानाने सांताक्रूझ सरळ मार्गावर आहे. चर्चगेट ते पालघर अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. विरारच्या पुढे पूर्वी शटल आणि पॅसेंजर गाड्यांवरच भिस्त असे. १६ एप्रिल २०१३ पासून चर्चगेट–डहाणू लोकल सुरू झाली. एम.एस्सी.ला किंवा एम.ए.ला कालिन्यात प्रवेश घेऊन घरूनच ये-जा करणे शक्य झाले ते या गाडीमुळे. विद्यापीठाच्या कोणत्याही अहवालात नसलेली ही तारीख उत्तर कोकणाच्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात मात्र धरावी लागते. गाड्या मोजक्या आहेत आणि एक चुकली तर व्याख्यान गेले, हेही तितकेच खरे.

विस्ताराचा भार व्यवस्थेवर पडत होताच. संलग्न महाविद्यालये सातशेच्या वर गेली आणि लाखो उत्तरपत्रिका वेळेत तपासणे हे विद्यापीठाचे सर्वांत अवघड काम होऊन बसले. २०१७ मध्ये सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना घेतला गेला. निकाल महिनोन्महिने रखडले आणि त्या वर्षी कुलगुरूंना पद सोडावे लागले. परीक्षा घेण्यासाठीच जन्मलेले विद्यापीठ परीक्षेतच अडखळले. त्याची झळ सर्वांत जास्त लागली ती गावाकडच्या मुलांना. गुणपत्रिका हातात नाही म्हणून पुढचा प्रवेश अडला तर शहरातल्या मुलाने एक खेप घालायची. तलासरीच्या मुलाचा त्यासाठी पूर्ण दिवस आणि दिवसाची मजुरी जाते.

याच दशकात विद्यापीठाचा जुना गाभाही सुटू लागला. २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन झाले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालय त्यात गेले. रानडे आणि भांडारकर जिथे शिकले ते महाविद्यालय आज मुंबई विद्यापीठात नाही. दुसरीकडे राजाबाई मनोऱ्याची डागडुजी २०१५ मध्ये पूर्ण झाली, आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींबरोबर फोर्टचा परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

एकेकाळी कराचीपासून कारवारपर्यंत पसरलेल्या विद्यापीठाची हद्द आता तलासरीपासून सुरू होते आणि कोकणच्या दक्षिण टोकाला संपते. विद्यापीठाचा वार्षिक पदवीदान समारंभ आजही १८७४ च्या त्याच सर कावसजी जहांगीर सभागृहात होतो. बहुतेक विद्यार्थ्यांना मात्र पदवी आपापल्या महाविद्यालयातच दिली जाते; शिरगावच्या विद्यार्थ्याला ती पालघरमध्ये मिळते.