विश्लेषण : गृहकर्ज ‘मंजूर’, मग पैसे कुठे अडकतात? एजंट फाइलचा वेग कसा वाढवू शकतो?

मोबाइलवर काही मिनिटांत गृहकर्जाची ‘तत्त्वतः मंजुरी’ मिळते. जुन्या फ्लॅटचा धनादेश विक्रेत्याच्या हाती पडायला मात्र अनेकदा आठवडे जातात. तोवर खरेदीदाराची टोकन रक्कम अडकलेली असते आणि करारातली मुदत जवळ येत असते. मधला माणूस, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट किंवा ‘डीएसए’, यालाही घाई असते. त्याचे कमिशन सहसा कर्जवाटप झाल्यावरच निघते.

एजंटच्या हातात नेमके काय असते?

कर्ज मंजूर करण्याचा आणि केवायसी पूर्ण आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार बँकेने बाहेरच्या संस्थेकडे सोपवू नये, असे रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. त्यामुळे ‘आत ओळख आहे, करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटपासून जपूनच राहावे. त्याच्या हाती एकच मोठी गोष्ट असते : ‘लॉगिन’च्या दिवशी फाइल किती पूर्ण आहे. अपुरी फाइल ‘क्वेरी’ लागून परत येते आणि उत्तर दिल्यावर पुन्हा रांगेत लागते. चार क्वेऱ्या चार वेळा येण्यापेक्षा लॉगिन दोन दिवस उशिरा झालेले परवडते.

अर्जदाराच्या कागदपत्रांना वेळ लागतो का?

आता फारसा नाही. सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झालेल्या अकाउंट अॅग्रिगेटर व्यवस्थेत ग्राहकाने संमती दिली की खात्याचा तपशील थेट डिजिटल स्वरूपात बँकेकडे जातो. पासवर्ड लावलेल्या पीडीएफ आणि अस्पष्ट फोटोंची कटकट वाचते. 1 जानेवारी 2025 पासून बँकांनी पतमाहिती कंपन्यांना किमान दर पंधरवड्याला माहिती देणे बंधनकारक झाले. त्यामुळे फेडलेले जुने कर्ज अहवालात लवकर दिसते. तरीही अहवाल लॉगिनआधीच पाहिलेला बरा.

नावातला फरक मात्र अजून छळतो. एका कागदावर वडिलांचे नाव पूर्ण, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, तिसऱ्यावर लग्नानंतरचे आडनाव. त्यासाठीचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवता येते.

मग खरी कोंडी कुठे?

जागेच्या कागदांत. बहुतेक एजंट पगाराच्या स्लिप आधी गोळा करतात, कारण त्या सोप्या असतात. ‘सोसायटीचे कागद मागाहून बघू’ असे म्हणतात आणि फाइल तिथेच बसते. बँकेचा वकील दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदी तपासतो. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतची करारांची साखळी, प्रत्येक कराराची सूची क्रमांक 2, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे ना हरकत पत्र, हे सगळे लागते. पहिला करार हरवलेला असणे किंवा शेअर सर्टिफिकेट आधीच्या मालकाच्याच नावावर राहणे, असे प्रकार नेहमीचे. सोसायटीच्या सचिवांची सही मिळवायला कोणतेही अॅप नाही!

दुसरा अडथळा मूल्यांकनाचा. समजा, फ्लॅटचा सौदा 60 लाखांचा आहे. 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी मालमत्तेच्या किमतीच्या 80 टक्के ही कमाल मर्यादा, म्हणजे 48 लाख. पण बँकेच्या मूल्यांकनकाराने किंमत 55 लाख धरली, तर बँक सहसा कमी आकडा घेते आणि कर्ज 44 लाखांवर येते. चार लाखांचा खड्डा ऐनवेळी खरेदीदाराने भरायचा. बंद केलेली बाल्कनी किंवा मंजूर नकाशात नसलेली खोलीही इथेच उघडी पडते.

म्हणून क्रम उलटा हवा. टोकन देण्यापूर्वीच जागेच्या कागदांच्या झेरॉक्स वकिलाला दाखवाव्यात. उत्पन्नाची छाननी, ‘लीगल’ आणि ‘टेक्निकल’ एकामागून एक न करता एकाच वेळी सुरू करण्याचा आग्रह एजंटने धरावा.

विक्रेत्याचेच कर्ज बाकी असेल तर?

तेव्हा मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. थकबाकीचे फोरक्लोजर पत्र आणि बँकेकडील कागदांची यादी पहिल्याच आठवड्यात मागवायला हवी. पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत कागद परत न केल्यास आणि विलंब बँकेमुळे झाला असल्यास, कर्जदाराला दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. पण 30 दिवसांची मुभा बँकेला आहेच, आणि ती करारातल्या मुदतीत धरायला अनेक जण विसरतात.

अखेरच्या टप्प्यात काय पाहावे?

ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसाठी बंधनकारक असलेले ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ घाईत सही करून सोडू नये. प्रक्रिया शुल्क, विमा यांसह कर्जाचा एकूण वार्षिक खर्च त्यात असतो. सौदा 50 लाख किंवा त्याहून अधिक असल्यास खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. त्याचे चलनही फाइलमध्ये हवे. आणि टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी : मालकी हक्कातील दोषामुळे किंवा कमी मूल्यांकनामुळे बँकेने कर्ज नाकारले वा घटवले, तर टोकन किती दिवसांत परत मिळेल. ही ओळ सौदा ठरतानाच मागावी. नंतर विक्रेता ती सहसा देत नाही.